बेपत्ता सगळेच, बातमी कोणाची? अमेरिकेतील गौरेतर बेपत्ता व्यक्तींच्या वार्तांकनाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूर्वी मुंबई दूरदर्शनवर 'आपण यांना पाहिलंत का?' लागायचं. रंग गव्हाळ, बांधा मध्यम, अंगात निळा सदरा, मराठी व हिंदी बोलतो. एक फोटो, ठरलेली चार वाक्यं, तोच संथ आवाज. गिरगावातला असो की गोवंडीतला, प्रत्येकाच्या वाट्याला सारखाच वेळ. लहानपणी तो कार्यक्रम आम्हाला कंटाळवाणा वाटायचा. पुढे एका मराठी दैनिकाच्या परदेश-पानासाठी अमेरिकी वृत्तसंस्थांच्या बातम्या मराठीत आणायचं काम केलं, तेव्हा लक्षात आलं की त्या कंटाळवाणेपणात एक न्याय होता.

खालचे प्रश्न वाचकांनी, पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनी आणि अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांनी वेळोवेळी विचारलेले आहेत. बेपत्ता झालेल्यांची नावं मुद्दाम टाळली आहेत. ज्यांची नावं कायद्यांना किंवा योजनांना दिली गेली, तेवढीच आली आहेत.

नेमकी तक्रार काय आहे?

अमेरिकेत माणूस बेपत्ता झाला की त्याची बातमी होणार का, झाली तर किती दिवस चालणार, आणि तिच्यात तो कुणाचा तरी मुलगा म्हणून येणार की पोलिसांच्या कागदावरचा 'इसम' म्हणून, हे बऱ्याच अंशी त्याच्या रंगावरून ठरतं. कृष्णवर्णीय, अमेरिकी मूलनिवासी, लॅटिनो (मूळच्या लॅटिन अमेरिकेतल्या) आणि आशियाई कुटुंबांचं म्हणणं एवढंच. गोऱ्या मुलींच्या बातम्या कमी करा, असं यांपैकी कोणीही म्हणत नाही. ज्या प्रश्नांनी ती बातमी सुरू होते (शेवटचं कोणी पाहिलं? फोन कुठे बंद झाला? बँक खात्यातून पैसे काढले का?) तेच प्रश्न आमच्या मुलीबद्दलही विचारा, ही मागणी आहे.

'मिसिंग व्हाइट वुमन सिंड्रोम' हा शब्दप्रयोग कोणाचा?

पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवरच्या ज्येष्ठ पत्रकार ग्वेन आयफिल यांचा. २००४ साली वॉशिंग्टनमध्ये गौरेतर पत्रकारांच्या 'युनिटी' परिषदेत त्यांनी तो वापरला: गोरी स्त्री बेपत्ता झाली की माध्यमं तुटून पडतात, इतरांच्या वेळी गप्प राहतात, या सवयीसाठी. सभागृह हसलं, कारण प्रत्येकाला आपापल्या न्यूजरूममधली सकाळची बैठक आठवली असणार.

त्याच वर्षी दक्षिण कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्ग शहरातून एक कृष्णवर्णीय तरुणी नाहीशी झाली. तिची मावशी जनसंपर्क व्यवसायातली, म्हणजे कुठल्या संपादकाला कधी आणि कसा फोन करायचा हे पोटापाण्यासाठी शिकलेली. तरीही राष्ट्रीय वाहिन्या हलल्या नाहीत. पुढच्या वर्षी अरुबा बेटावर एक गोरी विद्यार्थिनी बेपत्ता झाली आणि तिची बातमी महिनोन्‌महिने चालली. हा फरक पाहून डेरिका विल्सन आणि नॅटली विल्सन या नणंद-भावजयींनी २००८ मध्ये 'ब्लॅक अँड मिसिंग फाउंडेशन' काढली. डेरिका पोलीस खात्यातून आलेल्या आणि मूळच्या स्पार्टनबर्गच्याच, नॅटली जनसंपर्कातल्या. एकीला तपास कुठे अडतो ते ठाऊक, दुसरीला बातमी कुठे अडते ते. या संस्थेच्या कामावर २०२१ मध्ये एचबीओवर चार भागांची माहितीपट मालिका आली. तिच्या निर्मितीत सोलेदाद ओब्रायन यांच्या जोडीला गीता गंडभीर होत्या.

दुखणं मात्र २००४ चं नाही. दुधाच्या खोक्यांवर हरवलेल्या मुलांचे फोटो छापायची अमेरिकी पद्धत १९८४ च्या सुमारास आयोवातून सुरू झाली. त्या पहिल्या खोक्यांवर पेपर टाकणारी दोन गोरी मुलं होती. त्याआधी, १९७९ ते १९८१ या काळात, अटलांटात किमान २८ कृष्णवर्णीय मुलं आणि तरुण मारले गेले. पहिल्या कित्येक महिन्यांत या घटनांचा एकमेकींशी काही संबंध असेल हे मानायलाच कोणी तयार नव्हतं. कमील बेल या आईने इतर आयांना गोळा करून समिती काढली, तेव्हा शहर जागं झालं आणि मग देशाचे कॅमेरे आले.

आकडे काय सांगतात?

एफबीआयच्या एनसीआयसी या संगणकीय नोंदवहीत २०२२ साली बेपत्ता व्यक्तींच्या ५,४६,५६८ नोंदी झाल्या. घाबरून जाऊ नका: बहुतेक माणसं काही तासांत, काही दिवसांत परत येतात. वर्षअखेरीस ९७,१२७ नोंदी उघड्या होत्या. शिवाय नोंद म्हणजे माणूस नव्हे. एकच मुलगी वर्षात तीनदा घर सोडून गेली तर तीन नोंदी होतात.

आता वाटा पाहू. २०२० मध्ये मुली आणि स्त्रिया मिळून २,६८,८८४ नोंदी होत्या, त्यांतल्या ९०,३३३ कृष्णवर्णीय. म्हणजे तिघींमागे एक. देशाच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय साधारण तेरा-चौदा टक्के आहेत.

बातम्यांचं काय? नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे संशोधक झॅक सोमर्स यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सीएनएन आणि तीन शहरी दैनिकांच्या संकेतस्थळांवरच्या बातम्या एफबीआयच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. त्यांना दुहेरी गाळणी दिसली. कृष्णवर्णीय व्यक्तीची बातमी होण्याची शक्यताच कमी. आणि झालीच तर तिच्यावर लिहिलं जातं तेही कमी. पुढे २०२२ मध्ये 'कोलंबिया जर्नालिझम रिव्ह्यू'ने साडेतीन हजारांहून अधिक बातम्या तपासून एक गणकयंत्रच इंटरनेटवर टाकलं. आपलं वय, लिंग, वंश, राहण्याचं ठिकाण भरायचं. उद्या आपण बेपत्ता झालो तर अंदाजे किती बातम्या होतील ते ते सांगतं. भरून पाहिलं नसेल तर रात्री झोपायच्या आधी भरू नका.

लॅटिनो लोकांचे आकडे इतके कमी का दिसतात?

एनसीआयसीच्या 'वंश' रकान्यात लॅटिनो हा पर्यायच नाही. वांशिक मूळ वेगळ्या रकान्यात भरायचं असतं आणि ते भरलंच पाहिजे असं बंधन नाही. त्यामुळे असंख्य लॅटिनो माणसं 'गोरी' म्हणून नोंदली जातात. बातमीत गोरी दिसत नाहीत ते वेगळंच.

२०२१ मधल्या त्या प्रवासी तरुणीच्या प्रकरणाची एवढी चर्चा का झाली?

कारण सगळी विषमता एकाच राज्याच्या नकाशावर मांडून दिसली. गाडीलाच घर करून देश पालथा घालणारी बावीस वर्षांची गोरी तरुणी. तिचे व्हिडिओ, तिचे फोटो, युटातल्या पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण. ११ सप्टेंबर २०२१ ला ती बेपत्ता असल्याची तक्रार झाली, १९ तारखेला वायोमिंगच्या ब्रिजर-टेटन राष्ट्रीय वनात तिचा मृतदेह सापडला. मधले आठ दिवस अमेरिकेत दुसरी बातमी नसल्यासारखं होतं.

त्याच वर्षी जानेवारीत वायोमिंग विद्यापीठाचा एक अहवाल आला होता. २०११ ते २०२० या काळात त्या एका राज्यात ७१० मूलनिवासी व्यक्ती बेपत्ता म्हणून नोंदल्या गेल्या. त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आणि मुली. खून झालेल्या गोऱ्या व्यक्तींपैकी ५१ टक्के वर्तमानपत्रांत आल्या, मूलनिवासींपैकी ३० टक्के. आणि ज्या आल्या त्यांच्याबद्दलची भाषा अधिक नकारात्मक, मृतदेहाचं वर्णन अधिक तपशीलवार. त्याच उन्हाळ्यात ॲरिझोनात एक तरुण कृष्णवर्णीय भूवैज्ञानिक आणि इलिनॉयमध्ये एक कृष्णवर्णीय पदव्युत्तर विद्यार्थी बेपत्ता झाले होते. त्यांचे आईवडील स्थानिक वार्ताहरांमागे फिरत होते.

आमच्या पानावर त्या तरुणीची बातमी सहा दिवस होती. मीच लिहिली. ७१० हा आकडा त्या सहा दिवसांत एकदाही आला नाही, कारण वृत्तसंस्थेच्या मजकुरात तो खाली, शेवटून तिसऱ्या परिच्छेदात असायचा आणि जागा कमी पडली की आम्ही खालूनच कापतो.

एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. तिच्या वडिलांनी पत्रकारांसमोर सांगितलं की हीच मदत प्रत्येक बेपत्ता माणसाला मिळायला हवी. आणि टेक्सासहून वायोमिंगला आलेला एक पुरुष ऑगस्टपासून बेपत्ता होता. तिच्या बातम्यांच्या उजेडात त्याच्याकडे लोकांचं लक्ष गेलं, त्याला पाहिलेल्यांनी माहिती दिली, शोधपथक गेलं आणि त्याचा मृतदेह मिळाला. बातमीने काय होतं, असं विचारणाऱ्यांना मी हे उदाहरण देते.

म्हणजे संपादक वर्णद्वेषी असतात का?

क्वचित कोणी असेलही. पण मला त्या उत्तरात फार रस नाही, कारण ते फार सोपं आहे. बैठकीत कोणीही 'ती काळी आहे, सोडा' असं म्हणत नाही. 'यात स्टोरी काय?' असं म्हणतात. 'ती परत येईल' म्हणतात. 'चांगला फोटो आहे का?' म्हणतात. ही तिन्ही वाक्यं निरुपद्रवी आहेत आणि तिन्हींनी एकाच प्रकारची माणसं गळतात. प्यू संशोधन केंद्राने २०२२ मध्ये अमेरिकी पत्रकारांची मोठी पाहणी केली, तिच्यात ७६ टक्के गोरे होते, ८ टक्के लॅटिनो, ६ टक्के कृष्णवर्णीय, ३ टक्के आशियाई. 'ही माझ्या बहिणीसारखी दिसते' असं ज्याला वाटतं तो बातमीसाठी भांडतो. भांडणारे एकाच घरचे असले की निकालही ठरलेला.

पोलिसांनी 'पळून गेली' असं लिहिल्याने एवढा काय फरक पडतो?

माझ्या मते सगळं इथेच ठरतं, न्यूजरूमच्या कितीतरी आधी. ठाण्यातल्या टेबलावर एक रकाना असतो: अपहरण, की स्वतःहून निघून गेली? कृष्णवर्णीय किंवा मूलनिवासी मुलीबाबत दुसऱ्या रकान्यावर खूण पटकन होते, अशी संस्था आणि कुटुंबं वर्षानुवर्षं तक्रार करत आली आहेत. त्या एका खुणेनंतरचं सगळं आपोआप घडतं.

ॲम्बर अलर्टचं उदाहरण घ्या. १९९६ मध्ये टेक्सासच्या आर्लिंग्टनमधून पळवून मारल्या गेलेल्या नऊ वर्षांच्या मुलीच्या नावाची ही योजना. महामार्गावरच्या फलकांवर आणि प्रत्येकाच्या मोबाइलवर कर्कश आवाज करत ती सूचना येते. तिच्या निकषांत वय १७ किंवा कमी, अपहरण झालं असं पोलिसांना सकारण वाटणं, जिवाला धोका असणं आणि शोधाला पुरेल इतकं वर्णन हाती असणं हे सगळं बसावं लागतं. 'पळून गेली' लिहिलं की अपहरण नाही. अपहरण नाही की अलर्ट नाही. अलर्ट नाही की वाहिनीला पट्टी चालवायला निमित्त नाही. वार्ताहराने पोलिसांना फोन केला तर तिकडून येतं, 'रनअवे आहे.' फोन ठेवला जातो. घर सोडून गेलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीला दुसऱ्याच रात्री कोण गाठतं, हा प्रश्न विचारायचा राहूनच जातो. खरं तर स्वतःहून बाहेर पडलेलं मूल जास्त उघड्यावर असतं.

वयाचंही तसंच. २०१७ मध्ये व्हर्जिनियातल्या नॉरफोकमधून १९ वर्षांची एक कृष्णवर्णीय तरुणी नेली गेली. ॲम्बर अलर्टसाठी ती मोठी, ज्येष्ठांसाठीच्या सिल्व्हर अलर्टसाठी लहान. पुढे तिचा मृतदेह सापडला. तिच्याच नावाने १८ ते ६४ वयोगटासाठी 'अशांती अलर्ट'चा केंद्रीय कायदा ३१ डिसेंबर २०१८ रोजी झाला. तिचं नाव अशांती. मराठीत ते वाचताना क्षणभर थबकायला होतं, पण मूळ शब्द पश्चिम आफ्रिकेतल्या एका समाजाचा आहे.

मूलनिवासी स्त्रियांचा प्रश्न वेगळा का मोजतात?

त्यांच्या बाबतीत नोंद कुठे करायची इथूनच घोळ आहे. गुन्हा मूलनिवासींच्या आरक्षित भूमीवर झाला की बाहेर, संशयित मूलनिवासी आहे की नाही, यावर जमातीचे पोलीस, परगण्याचा शेरीफ, राज्य, एफबीआय किंवा इंडियन अफेअर्स ब्युरो (मूलनिवासींचं काम पाहणारं केंद्रीय खातं) यांपैकी कोणाचा अधिकार हे ठरतं. १९७८ च्या ओलिफंट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जमातीच्या न्यायालयांना मूलनिवासी नसलेल्या माणसावर फौजदारी खटला चालवता येत नाही. पुढे कायद्याने काही अपवाद झाले, तेही मर्यादित गुन्ह्यांपुरते. हद्दीचा वाद आपल्याला नवा नाही. 'आमच्याकडे नाही, पलीकडच्या ठाण्यात जा' हे वाक्य आपल्याकडे कोणी ऐकलं नाही? तिथे पलीकडचं ठाणं शंभर मैलांवर असू शकतं.

सिॲटलच्या अर्बन इंडियन हेल्थ इन्स्टिट्यूटने २०१८ मध्ये ७१ शहरांकडे माहिती मागितली. संचालक ॲबिगेल इको-हॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हाती बेपत्ता आणि खून झालेल्या मूलनिवासी स्त्रियांची ५०६ प्रकरणं आली. त्यांतल्या ९५ टक्क्यांहून जास्त प्रकरणांची राष्ट्रीय माध्यमांत एक ओळही नव्हती. त्याच अहवालातली एक तुलना मला विसरता येत नाही. २०१६ मध्ये एनसीआयसीत मूलनिवासी स्त्रिया आणि मुलींच्या ५,७१२ नोंदी होत्या. सार्वजनिक आणि कोणालाही पाहता येणाऱ्या 'नेमअस' या सरकारी यादीत त्यांपैकी ११६.

अशा प्रकरणांतून १० ऑक्टोबर २०२० रोजी 'सवानाज ॲक्ट' (मारल्या गेलेल्या सवाना या मूलनिवासी तरुणीच्या नावाचा) आणि 'नॉट इनव्हिजिबल ॲक्ट' हे दोन कायदे झाले. २०२१ मध्ये डेब हालंड या लगूना पुएब्लो समाजातल्या बाई गृहविभागाच्या मंत्री झाल्या (हा विभाग जमिनी आणि मूलनिवासींचं काम पाहतो, आपल्या गृहखात्यासारखा पोलिसांचा नव्हे) आणि काही आठवड्यांतच त्यांनी या प्रकरणांसाठी स्वतंत्र पथक नेमलं. तोंडावर लाल पंजा उमटवलेले मोर्चे ५ मे रोजी दिसतात, ते याच स्त्रियांसाठी.

कॅनडातही हेच. क्रिस्टन गिलख्रिस्ट यांनी तीन मूलनिवासी आणि तीन गोऱ्या स्त्रियांच्या बातम्या मोजल्या, तेव्हा मूलनिवासी स्त्रियांच्या वाट्याला साडेतीनपट कमी बातम्या आलेल्या होत्या.

बातमी आली नाही म्हणून प्रत्यक्ष नुकसान काय होतं?

क्लीव्हलंडच्या इम्पिरियल ॲव्हेन्यूवर २००९ मध्ये एका घरातून आणि त्याच्या परसातून अकरा कृष्णवर्णीय स्त्रियांचे अवशेष निघाले. गल्लीत बराच काळ घाण वास येत होता. लोक तक्रार करत होते आणि दोष शेजारच्या सॉसेज बनवणाऱ्या कारखान्याला दिला जात होता. त्या बिचाऱ्यांनी गटाराचं कामही करून घेतलं. अकरा स्त्रिया एकामागून एक नाहीशा होत असताना वस्तीत एकही मोठी बातमी नव्हती. अकरांपैकी तिघींची जरी ठळक बातमी झाली असती तर कोणीतरी नकाशा काढून बसलं असतं.

दुसरं उदाहरण मिझुरीचं. सप्टेंबर २०२२ मध्ये 'कॅन्सस सिटी डिफेंडर' या तरुण कृष्णवर्णीय पत्रकारांच्या छोट्या माध्यमाने, प्रॉस्पेक्ट ॲव्हेन्यू भागातून स्त्रिया नाहीशा होत आहेत असं वस्तीतले लोक सांगत असल्याची बातमी दिली. पोलिसांनी ती पूर्णपणे निराधार ठरवली. ७ ऑक्टोबरला जवळच्या एक्सेलसिअर स्प्रिंग्ज गावात एक कृष्णवर्णीय तरुणी एका घरातून निसटली आणि शेजाऱ्यांच्या दारात पोहोचली. तिच्या गळ्यात धातूचा पट्टा होता. एका गोऱ्या पुरुषाला अटक झाली. डिफेंडरची मूळ बातमी प्रत्येक तपशिलात खरी होती की नाही हा वेगळा वाद. पण ती 'निराधार' म्हणून छापून मोकळ्या झालेल्या मोठ्या माध्यमांपैकी किती जणांनी स्वतः एक फेरी मारली होती?

पुरुष आणि मुलगे?

ते आणखी खाली जातात. एनसीआयसीत पुरुषांच्या नोंदी जवळपास निम्म्या असतात, पण कृष्णवर्णीय तरुण बेपत्ता झाला की पहिला प्रश्न 'टोळीत होता का?' हा असतो. यावर अभ्यासही कमी आहेत.

सोशल मीडियाने ही अडचण सोडवली नाही का?

अर्धी. २०१७ मध्ये राजधानी वॉशिंग्टनच्या पोलिसांनी प्रत्येक बेपत्ता मुलामुलीचा फोटो ट्विटरवर टाकायला सुरुवात केली. बहुतेक चेहरे कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलींचे. लोकांना धक्का बसला. मग इन्स्टाग्रामवर कोणीतरी चित्र फिरवलं: चोवीस तासांत चौदा मुली गायब. ते खोटं होतं. नोंदी वाढल्याच नव्हत्या, पहिल्यांदा दिसू लागल्या होत्या. आधी न दाखवण्याची चूक, मग फुगवून दाखवण्याची. तरी त्या गदारोळामुळे महापौर म्युरिएल बाउझर यांना मुलांच्या शोधासाठी जास्त पोलीस द्यावे लागले, हेही खरं.

कृष्णवर्णीयांसाठी वेगळा 'एबनी अलर्ट' हा उलटा भेदभाव नाही का?

कॅलिफोर्नियात स्टीव्हन ब्रॅडफर्ड यांच्या विधेयकामुळे १ जानेवारी २०२४ पासून १२ ते २५ वयोगटातल्या कृष्णवर्णीयांसाठी एबनी अलर्ट लागू झाला. त्याआधी वर्षभर मूलनिवासींसाठी फेदर अलर्ट आला होता, आणि त्याहीआधी, २०२२ मध्ये, वॉशिंग्टन राज्याने देशातला पहिला राज्यव्यापी मूलनिवासी अलर्ट सुरू केला. मिनेसोटाने २०२३ मध्ये बेपत्ता आणि खून झालेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी स्वतंत्र कार्यालयच काढलं.

आदर्श जगात एकच अलर्ट पुरला असता. पण सामायिक नळाला आपल्या चाळीत पाणीच येत नसेल तर माणूस वेगळी जोडणी मागतो. माझी शंका दुसरी आहे: अलर्टची नावं वाढत गेली की लोक मोबाइलवरचा आवाज बंद करून टाकतात. आणि अलर्ट काढायचा की नाही हे शेवटी त्याच टेबलावरचे पोलीस ठरवतात.

मग निष्पक्ष बातमी कशी लिहायची?

कोणाला किती जागा हे फोटो पाहण्याआधी ठरवा. वय, औषधं, हवामान, धमकी, शेवटच्या संपर्काची वेळ यांवरून. फोटो नंतर. हे ऐकायला बाळबोध आहे, पण बैठकीत फोटो सगळ्यात आधी फिरतो.

'पळून गेली' हा पोलिसांचा निष्कर्ष आहे, तो आपला म्हणून छापू नका. 'पोलिसांनी अशी नोंद केली आहे. कुटुंबाचं म्हणणं वेगळं आहे' हे लिहायला चार शब्द जास्त लागतात. फोटो कुटुंबाकडून मागा. कृष्णवर्णीय तरुणाचा फोटो म्हणून जुन्या अटकेच्या वेळचा फोटो चटकन हाताशी येतो, आणि तो छापला की वाचक शोधायचं सोडून निवाडा करायला बसतो. जुना गुन्हा, व्यसन, शाळेतली गैरहजेरी हे शोधाला उपयोगी असेल तरच लिहा. वर्णनात नुसता रंग देऊन काही होत नाही. 'कृष्णवर्णीय, मध्यम बांधा' या वर्णनाची लाख माणसं असतात. जखमेची खूण, दातांतली फट, चालण्याची ढब, गाडीचा क्रमांक, कुठली भाषा बोलते. दूरदर्शनला हे कळत होतं.

दुसरी बाजूही आहे, आणि ती चळवळीतले लोक कमी बोलतात. शोधणारा प्रत्येक जण हितचिंतक नसतो. मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून निसटलेली बाई त्याच्या लेखी 'बेपत्ता'च असते. प्रौढ माणसाला जायचा हक्क आहे. पोलिसांनी ती सुखरूप असल्याचं सांगितलं की पत्ता शोधणं हे आपलं काम नाही. निष्पक्ष म्हणजे आलेलं सगळं छापणं नव्हे.

आणि महिन्यातून एकदा मोजा. किती बेपत्ता व्यक्तींच्या बातम्या दिल्या, त्या कोणाच्या होत्या, किती शब्द, कुठल्या पानावर. मी हे एकदाच केलं, एका वर्षाच्या आमच्या पानावर. दुसऱ्यांदा करायचा धीर झाला नाही.

मराठीत कोणते शब्द वापरावेत?

'पीपल ऑफ कलर'ला 'गौरेतर' चालतो, पण त्यातही गोऱ्यांपासूनच मोजणी सुरू होते. शक्य तिथे नेमका समाज लिहा. 'कृष्णवर्णीय' रुळला आहे. 'निग्रो' आणि 'रेड इंडियन' टाकून द्या. 'मूलनिवासी' म्हटलं की महाराष्ट्रात वेगळी चळवळ आठवते, म्हणून 'अमेरिकी मूलनिवासी' लिहावं, किंवा सरळ नवाहो, लकोटा, नॉर्दर्न अरापाहो असं. वायोमिंगमधल्या विंड रिव्हर भूमीवर अरापाहो आणि शोशोनी राहतात. तेवढं लिहिलं की त्या बातमीला गाव मिळतं.

त्याहून मोठी अडचण आपल्या क्रियापदांत आहे. 'फूस लावून पळवलं', 'प्रियकरासोबत गेली', 'रागाच्या भरात निघून गेली' ही आपल्या हातात बसलेली वाक्यं आहेत. इंग्रजीतलं साधं 'मिसिंग' भाषांतरात 'पळाली' होऊन बसलेलं मी स्वतः दुरुस्त केलं आहे. आणि 'इसम' हा शब्द फक्त गरिबांसाठी राखून ठेवलेला का दिसतो, याचंही उत्तर द्यायला हवं.

अमेरिकेतले भारतीय यात कुठे बसतात?

एनसीआयसीत 'ए' या अक्षराखाली: आशियाई आणि पॅसिफिक बेटांवरचे सगळे एकत्र. 'आय' हे अक्षर अमेरिकी इंडियनांसाठी आहे. नोंद करताना 'इंडियन' एवढंच सांगून मोकळं होऊ नका. कुठल्या रकान्यात काय लिहिलं ते विचारा, चष्मा लावून वाचा, नोंदीचा क्रमांक घ्या.

भारतीय विद्यार्थी बेपत्ता झाला की महाराष्ट्र मंडळं, विद्यार्थी संघटना आणि वाणिज्य दूतावास धावतात, आणि बातमी आधी भारतातल्या वाहिन्यांवर येते. ही ताकद गॅस स्टेशनवर रात्रपाळी करणाऱ्या, कागदपत्रं नसलेल्या माणसामागे उभी राहते का? आपल्यातही उतरंड आहेच. भारतात नोएडातल्या निठारीत २००६ च्या डिसेंबरमध्ये मुलांचे अवशेष निघाले, त्याआधी मजूर आईबाप किती महिने पोलिसांकडे खेटे घालत होते ते आठवून पाहा.

तक्रार करायला २४ तास थांबावं लागतं का?

नाही. मुलांच्या बाबतीत अमेरिकेत १९९० पासून केंद्रीय कायद्यानेच अशी वाट पाहायला मनाई आहे. प्रौढांसाठीही लगेच जा. ठाण्यावर कोणी 'उद्या या' म्हणालं तर नाव लिहून घ्या आणि वरिष्ठांना भेटा. नोंद 'नेमअस'मध्येही झाली का, हे स्वतः विचारा. अनेक राज्यांत ती सक्तीची नाही.

व्हॉट्सॲपवर बेपत्ता व्यक्तीचं पोस्टर आलं तर पुढे पाठवावं का?

आधी तारीख पाहा. मग पोलीस ठाण्याचा क्रमांक आहे का ते पाहा. फक्त खासगी मोबाइल नंबर असेल तर वर लिहिलेल्या नवऱ्याची गोष्ट आठवा. ठाण्याच्या पानावर किंवा नेमअसवर नाव शोधा. तिथे असेल तर पाठवा, आणि चेहरा आपल्यातला नसला तरी पाठवा. मंडळाच्या ग्रुपवर कृष्णवर्णीय मुलाचं पोस्टर टाकलं की 'हा कोण?' असा प्रश्न येतो. येऊ द्या. आणि सापडल्याचं कळलं की 'सापडली' एवढंच लिहा. कुठे होती, कोणासोबत, का गेली, हे ग्रुपचं काम नाही. आपलं जुनं पोस्टर पुसून टाका.

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एका मुलीचं पोस्टर तिसऱ्यांदा फिरत आलं, तेव्हा मी त्यावरच्या ठाण्यात फोन केला. ड्यूटीवरच्या बाईंनी नाव ऐकताच सांगितलं की ती त्याच रात्री घरी आली होती, चार वर्षांपूर्वी. आता ती नोकरी शोधते आहे, आणि जिथे जाईल तिथे मुलाखत घेणाऱ्याने आधी तो फोटो पाहिलेला असतो.